नाकाची शस्त्रक्रिया ठरली आहे: भूल कोणती घ्यायची, हे कसं ठरवायचं

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘सेप्टोप्लास्टी, जीए’ किंवा ‘टर्बिनेट, एलए’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सेप्टोप्लास्टी म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्याची शस्त्रक्रिया, टर्बिनेट म्हणजे नाकात बाजूच्या भिंतीवर असलेला मांसल उंचवटा. जीए म्हणजे पूर्ण भूल, एलए म्हणजे तेवढीच जागा बधिर करणं. घरी गेल्यावर चर्चा सुरू होते आणि ती बहुधा एकाच समजुतीवर चालते: जागा बधिर केली की धोका कमी, पूर्ण भूल दिली की धोका जास्त. हाताच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत या समजुतीत बरंच तथ्य आहे. नाकाचं गणित वेगळं आहे.

नाकात शस्त्रक्रिया होते तेव्हा डॉक्टर तुमच्या श्वासाच्या वाटेवरच काम करत असतात. तिथून निघणारं रक्त आणि धुण्यासाठी वापरलेलं पाणी मागच्या बाजूने घशात उतरतं. घशातून पुढे दोन वाटा फुटतात, एक अन्ननलिकेची आणि एक श्वासनलिकेची. त्यामुळे भूल निवडताना खरा प्रश्न हा असतो: रक्त घशात उतरेल तेव्हा श्वासनलिका कोण सांभाळणार? तुम्ही जागे राहून गिळणार, खोकणार, थुंकणार, की श्वासनलिकेत बसवलेली नळी ते काम करणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं तुमच्यापुरतं उत्तर काढण्यासाठी आहेत.

आधी प्रकार समजून घ्या

जागेवरची भूल दोन थरांत दिली जाते. पहिल्यांदा ४ टक्के लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेल्या गॉझच्या किंवा कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवतात. सोबत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं, अ‍ॅड्रेनलिन किंवा झायलोमेटाझोलिन. पट्ट्या १० ते १५ मिनिटं आत राहिल्या पाहिजेत. पाचव्या मिनिटाला घाईने काढल्या तर पुढचं इंजेक्शन चांगलंच झोंबतं. मग २ टक्के लिग्नोकेन आणि त्यात २ लाखांत १ भाग अ‍ॅड्रेनलिन असलेलं इंजेक्शन पडद्याच्या आवरणाखाली आणि नाकाच्या नसांजवळ देतात. त्यानंतरही ७ ते १० मिनिटं थांबावं लागतं. बधिरपणा लवकर येतो, पण रक्तवाहिन्या पूर्ण आकसायला तेवढा वेळ लागतो आणि रक्तस्राव कमी होतो तो त्यामुळेच.

दुसरा प्रकार म्हणजे जागा बधिर करून वर शिरेतून गुंगीचं औषध देणं. मिडाझोलाम, फेंटानिल, डेक्समेडेटोमिडिन ही त्यातली नेहमीची नावं. तिसरा प्रकार पूर्ण भूल: तुम्ही पूर्ण झोपेत, श्वासनलिकेत नळी आणि श्वास यंत्रावर.

‘पाठीत इंजेक्शन देणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाकासाठी ते चालतच नाही. पाठीतली भूल मणक्यातून निघणाऱ्या, मुख्यतः कमरेखालच्या नसा बधिर करते. नाकाची संवेदना मेंदूतून थेट चेहऱ्यावर येणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या शाखांतून जाते. ती भीती मनातून काढून टाका.

पहिली पायरी: शस्त्रक्रियेचं नेमकं नाव आणि लागणारा वेळ लिहून घ्या

‘नाकाचं हाड वाढलंय’ एवढ्यावर भूल ठरत नाही. बोलीभाषेत वाकड्या पडद्यालाही हाड म्हणतात आणि सुजलेल्या टर्बिनेटलाही. दोन्हींची भूल वेगळी असू शकते. म्हणून चार गोष्टी विचारा: नाव काय, एका बाजूला की दोन्ही, काम नाकाच्या पुढच्या भागात की खोल, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती मिनिटं. भूल देण्याचा वेळ त्यात धरलाय का, हेही विचारा.

साधारण चित्र असं आहे. घोळणा फुटून वारंवार रक्त येत असेल आणि पुढची शीर जाळायची असेल, तर पट्ट्यांची भूल पुरते. काम काही मिनिटांचं. टर्बिनेट रेडिओफ्रीक्वेन्सीने आकसवायचं असेल तरी जागेवरची भूल उत्तम. नाकाचं हाड मोडलं असेल तर सूज उतरायला ३ ते ५ दिवस थांबतात आणि मोठ्या माणसांत दोन आठवड्यांच्या आत हाड जागेवर बसवतात. हे जागा बधिर करून किंवा अगदी थोड्या वेळाच्या पूर्ण भुलेत होतं. (मार लागल्यावर नाक आतून दोन्ही बाजूंनी गच्च बंद झालं आणि पडदा फुगलेला दिसला, तर मात्र थांबायचं नाही. आत रक्त साठलेलं असू शकतं आणि ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर पडद्याची कूर्चा कुजते.)

पडद्याची शस्त्रक्रिया, म्हणजे सेप्टोप्लास्टी, दोन्ही प्रकारे होते आणि खरा गोंधळ इथेच असतो. पडद्याचा पुढचा छोटासा काटा काढायचा असेल तर जागेवरची भूल योग्य. पडदा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असेल, वाकडेपणा वर किंवा खोल मागे असेल, आधी एकदा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पूर्ण भूल बरी. पडदा तळाशी ज्या हाडाच्या कण्यावर बसतो तिथे छिन्नी चालवावी लागते. ती जागा पूर्ण बधिर होणं अवघड असतं. शिवाय दुखलं नाही तरी हातोडीचा ठोका कवटीत घुमतो, आणि त्याला घाबरून माणूस डोकं हलवतो.

सायनसची दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे फेस, बहुतेक ठिकाणी पूर्ण भुलेत करतात. तिथे डोळ्याची खोबण आणि नाक यांच्यामध्ये जे हाड असतं त्याचं लॅटिन नावच ‘लॅमिना पापायरेसिया’ आहे, कागदासारखा पापुद्रा. वर मेंदूचा तळ काही मिलिमीटरवर. अशा जागी रुग्णाने अर्धा इंच मान हलवलेली परवडत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर आणि श्टामबर्गर या डॉक्टरांनी ही पद्धत रुळवली तेव्हा बऱ्याच शस्त्रक्रिया जागेपणी होत. जागा असलेला रुग्ण डोळ्याजवळ दुखलं की सांगतो, हा त्यातला फायदा. पण त्यासाठी रोग मर्यादित हवा, हात सराईत हवा आणि रुग्ण शांत हवा. दोन्ही बाजूंना पॉलिप (अस्तराला आलेले मऊ फुगीर कोंब) भरलेले असतील तर तो विचार सोडून द्यावा.

नाकाचा आकार बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हाड कापायचं असेल तर पूर्ण भूल. नुसत्या शेंड्याचं काम जागा बधिर करून होतं. लहान मुलांना नाकाच्या जवळपास कुठल्याही शस्त्रक्रियेला पूर्ण भूलच लागते, यात पालकांनी घासाघीस करू नये.

वेळेचा अंदाज म्हणून इतकं धरा: जागेपणी उताणं पडून ४५ मिनिटं ते तासभर निभतं. त्यापुढे औषधाचा असर असला तरी माणसाचा धीर संपतो.

दुसरी पायरी: स्वतःकडे नीट बघा

आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि आपली मधली तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर हे भूलतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच सांगा.

या एका तपासणीवर आमचा भर जास्त आहे, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या सवयीत आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वर्षानुवर्षं सुपारी चघळली की गालांच्या आतलं अस्तर ताठर होतं आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड उघडत नसलं की भूलतज्ज्ञ एरवी श्वासाची नळी नाकातून घालतात. पण इथे नाकातच शस्त्रक्रिया आहे! ती वाट बंद, तोंडाची वाट अरुंद. मग जागेपणी दुर्बिणीच्या साहाय्याने तोंडातून नळी घालणं, छोटं काम असेल तर ते जागा बधिर करून उरकणं, किंवा फारच अडचण असेल तर गळ्यातून छेद घेऊन नळी बसवणं, असे पर्याय उरतात. हे आदल्या आठवड्यात कळलं तर तयारी होते. टेबलावर झोपवल्यावर कळलं तर शस्त्रक्रिया रद्द होते किंवा त्याहून वाईट काही घडतं. सवय लपवू नका. भूलतज्ज्ञांना तुम्हाला उपदेश करायचा नसतो, नळी कुठून घालायची ते ठरवायचं असतं.

तपासणीत ते तुम्हाला तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतील आणि पडजीभ किती दिसते ते पाहतील. ही श्रेणींची मोजणी मूळचे आंध्र प्रदेशचे डॉ. मल्लमपट्टी यांच्या नावाने १९८५ पासून जगभर वापरली जाते. त्या वेळी ‘आ’ म्हणू नका. टाळू वर उचलला जातो आणि श्रेणी खोटीच चांगली येते.

आता घोरणं. झोपेत श्वास अडकतो, दचकून जाग येते, दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते, मान जाड आहे, रक्तदाब आहे, यातलं काही जुळत असेल तर तुमच्यासाठी गुंगी हा सगळ्यात वाईट पर्याय ठरू शकतो. गुंगीने घसा सैल पडतो, नाक तर कामामुळे बंदच, आणि आत नळीही नाही. अशा माणसाला एक तर पूर्ण जागं ठेवून काम करावं किंवा नळी घालून पूर्ण भूल द्यावी. रात्री सीपॅप यंत्र (हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं) लावत असाल तर शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री नाकात पॅक (रक्त थांबावं म्हणून भरलेल्या पट्ट्या) असताना ते नाकावर लावता येणार नाही. त्या रात्रीची सोय आधी विचारून ठेवा. बहुधा दाखल राहून ऑक्सिजनचं प्रमाण मोजत राहणं हाच मार्ग असतो.

दमा आणि नाकातले पॉलिप एकत्र असतील तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यावर कधी धाप लागली होती का? पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिनचं वावडं हे त्रिकूट डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. असं असेल तर शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी सर्रास दिलं जाणारं डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकचं इंजेक्शन तुमच्या कागदावर लाल शाईत बंद झालं पाहिजे. पंप नेहमीसारखा घ्या, शस्त्रक्रियेच्या सकाळीसुद्धा, आणि सोबत आणा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: भुलीनंतर कुणाला श्वास परत यायला तास-दोन तास लागले होते का? कुणाला भुलेत अचानक खूप ताप चढला होता का? नळी घालताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन हे औषध शरीरात मोडणारं एन्झाइम काहींच्यात जन्मतः कमी असतं. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात हा दोष जास्त आढळतो, आणि त्या समाजाची घरं मराठवाड्यातही आहेत. असा इतिहास आधी कळला तर दुसरं औषध वापरून प्रश्न सहज सुटतो.

जागेवरच्या भुलीचा विचार असेल तर घरी एक चाचणी करून बघा. पलंगावर उताणे पडा, नाक चिमट्याने किंवा बोटांनी बंद करा, चेहऱ्यावर पातळ सुती ओढणी टाका आणि तोंडाने श्वास घेत, मधूनमधून आवंढा गिळत वीस मिनिटं पडून राहा. सोबत कुणीतरी असू द्या. पाचव्या मिनिटाला जीव घाबरून उठावंसं वाटलं, तर त्याची लाज वाटून घेऊ नका, डॉक्टरांना तसं सांगा. टेबलावर याच स्थितीत पाऊण तास काढायचा असतो.

तिसरी पायरी: भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेच्या आधी भेटा

छोट्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि पहिली भेट थिएटरच्या दारातच होते. तसं होऊ देऊ नका. निदान एक दिवस आधी भेट किंवा फोन मागा. पीएसी, म्हणजे भूलपूर्व तपासणी, हा तुमचा हक्क आहे. जुन्या शस्त्रक्रियांचे कागद, रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या, रक्ताचे रिपोर्ट, चाळिशीपुढे असाल तर ईसीजी, असं सगळं एका पिशवीत घालून न्या.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके असावेत. माझ्यासाठी तुम्ही कोणती भूल सुचवता आणि का? गुंगी दिली तर घशात उतरणारं रक्त कसं हाताळणार? मध्येच दुखलं किंवा रक्तस्राव वाढला तर पूर्ण भुलेवर जायची तयारी आहे का, आणि ती कोण देणार? शस्त्रक्रिया संपेपर्यंत भूलतज्ज्ञ खोलीत असतील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ याशिवाय दुसरं काही असेल तर दुसरं रुग्णालय शोधा. जागेवरच्या भुलेतसुद्धा नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन सतत मोजला गेला पाहिजे.

संमतीपत्र मराठीत मागा. भुलीची संमती शस्त्रक्रियेच्या संमतीपेक्षा वेगळी असते. जागेवरची भूल ठरली असली तरी ‘गरज पडल्यास पूर्ण भूल’ हा उल्लेख त्यात असावा.

खर्चाचं थोडक्यात. भूलतज्ज्ञांची फी बिलात बहुधा वेगळी असते. बऱ्याच आरोग्य विम्यांत नाकाचा पडदा आणि सायनस यांना सुरुवातीची एक-दोन वर्षं संरक्षण नसतं, ते कलम वाचा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. पैसे वाचावेत म्हणून जागेवरची भूल मागणं मात्र चुकीचं आहे. मध्ये बदलावी लागली तर खर्च दोन्हींचा होतो.

चौथी पायरी: प्रत्येक भुलेत काय होतं आणि काय बिघडतं, ते जाणून निर्णय घ्या

जागेवरच्या भुलेत अ‍ॅड्रेनलिनमुळे इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात. हे औषधाचं काम आहे, तसं सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. वरचे पुढचे दात आणि ओठ जड होतात. घसा बधिर झाला की गिळता येत नाहीये असं वाटतं. प्रत्यक्षात गिळलं जात असतं, फक्त कळत नाही. हाड कापल्याचा कुरकुर आवाज येतो. बोलू नका, दुखलं तर हात वर करायचा, अशी खूण आधीच ठरवा.

या भुलीतला खरा धोका मात्रेचा. लिग्नोकेन अ‍ॅड्रेनलिनशिवाय दिलं तर वजनाच्या दर किलोला ४.५ मिलिग्रॅम आणि अ‍ॅड्रेनलिनसह ७ मिलिग्रॅम, ही नेहमीची कमाल मर्यादा. एकूण अनुक्रमे ३०० आणि ५०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. आता हिशेब करू. ६० किलोच्या माणसाला अ‍ॅड्रेनलिनसह कमाल ४२० मिलिग्रॅम. २ टक्के म्हणजे दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिलिलिटर. पण पट्ट्यांतल्या ४ टक्के औषधाचे ४ मिलिलिटर आधीच वापरले असतील तर १६० मिलिग्रॅम तिथेच मोजायचे. इंजेक्शनसाठी उरले २६० मिलिग्रॅम, म्हणजे १३ मिलिलिटर. नाकाचं अस्तर औषध झपाट्याने शोषतं, त्यामुळे ‘पट्टीतलं कुठे मोजायचं’ हा विचार घातक. ४० किलोच्या आजीबाईंना हा हिशेब आणखी काटेकोर लागतो.

औषध जास्त झालं तर पहिल्यांदा जिभेवर धातूची चव येते, ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, मग बडबड आणि झटके. रुग्ण जागा असेल तर पहिली तीन लक्षणं तो स्वतः सांगू शकतो, म्हणून ती पाठ करून ठेवा. यावर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं दुधासारखं द्रावण) किलोला १.५ मिलिलिटर या प्रमाणात शिरेतून देतात. ते रुग्णालयात आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

आणखी एक जीव घेणारी चूक टाळता येते. पट्ट्या भिजवण्यासाठी वाटीत ओतलेलं तीव्र अ‍ॅड्रेनलिन आणि सिरिंजमधलं सौम्य औषध दिसायला सारखंच, पाण्यासारखं. वाटीतलं औषध चुकून टोचलं गेलं तर रक्तदाब उसळून हृदय बंद पडू शकतं. चांगल्या थिएटरमध्ये प्रत्येक वाटी आणि सिरिंजवर नावाची पट्टी असते आणि टोचण्याआधी नाव मोठ्याने वाचलं जातं. या क्षेत्रात नव्याने आलेल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टरांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

गुंगीबद्दल स्पष्ट लिहितो. ‘थोडी झोप देऊ, काही कळणार नाही’ हे ऐकायला फार गोड वाटतं. हलकी गुंगी, म्हणजे हाक मारली की डोळे उघडून उत्तर देता येईल इतपत, ही छोट्या आणि कमी रक्ताच्या कामाला छान असते. अडचण येते ती गुंगी खोल गेल्यावर. माणूस गिळणं विसरतो, खोकणं विसरतो आणि रक्त स्वरयंत्रावर पडून ते आकसतं. कधी उलट होतं: अर्धवट गुंगीत भान सुटतं आणि शांत माणूस अचानक उठून बसायला लागतो. दुखतंय म्हणून गुंगी वाढवणं ही या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक. दुखत असेल तर जागा पुन्हा बधिर करायची किंवा सरळ नळी घालून पूर्ण भूल द्यायची. आणि चेहऱ्यावर ऑक्सिजनची नळी चालू असताना नाकात कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी जाळणारं उपकरण) लावली तर चादरीखाली साठलेला ऑक्सिजन पेट घेऊ शकतो. म्हणून कॉटरीच्या आधी ऑक्सिजन बंद करतात किंवा ३० टक्क्यांच्या खाली ठेवतात.

पूर्ण भुलेत शिरेतून प्रोपोफॉल दिल्यावर अर्ध्या मिनिटात झोप लागते. तोंडातून फुगा असलेली नळी श्वासनलिकेत जाते. काही ठिकाणी योग्य कामासाठी स्वरयंत्रावर बसणारा लॅरिंजियल मास्क वापरतात. त्याने खोकला कमी येतो, पण तो सरकला तर मध्येच डोकं झाकलेल्या रुग्णाकडे पोचणं कठीण. डोकं १५ ते २० अंश वर करतात, सरासरी रक्तदाब निरोगी माणसात ६० ते ७० च्या आसपास आणि नाडी ६० च्या जवळ ठेवतात. दुर्बिणीच्या काचेवर रक्ताचा एक थेंब बसला की स्क्रीनवर सगळं लाल दिसतं, म्हणून ही खटपट. वायूऐवजी शिरेतून सतत प्रोपोफॉल देण्याची पद्धत सायनसच्या शस्त्रक्रियेत अनेक भूलतज्ज्ञ याचसाठी पसंत करतात. मेंदूचा झटका, हृदयविकार किंवा जुना रक्तदाब असलेल्यांचा दाब मात्र असा खाली आणत नाहीत.

रक्त पोटात जाऊ नये म्हणून घशात गॉझची ओली पट्टी भरतात. ती काढायची राहिली तर नळी निघाल्यावर श्वास कोंडतो. म्हणून तिचं टोक तोंडाबाहेर ठेवणं, फळ्यावर नोंद करणं, कपाळावर चिकटपट्टी लावणं, अशा युक्त्या वापरतात. शेवटी आणखी एक गोष्ट उरते: पडजिभेच्या मागे लपलेली रक्ताची गाठ. नळी काढल्यावर ती श्वासनलिकेत पडते. इंग्लंडमध्ये तिला ‘कॉरोनर्स क्लॉट’ म्हणतात, कारण ती मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरलाच सापडायची. नळी काढण्याआधी टाळूच्या मागे नजर टाकून सक्शन करणं एवढाच त्यावरचा उपाय आहे.

जागं होताना नाक गच्च भरलेलं असतं आणि अर्धवट शुद्धीत माणूस सवयीने नाकाने श्वास ओढायला बघतो. आदल्या दिवशी ‘तोंडाने श्वास घ्यायचाय’ हे दहा वेळा स्वतःला बजावा. वरच्या वीस मिनिटांच्या चाचणीचा इथेही उपयोग होतो.

पाचवी पायरी: औषधं आणि उपास

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. ही औषधं सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय एक गोळीही चुकवायची नाही. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, काढे यांचीही नोंद द्या. रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या त्या दिवशी वगळायला सांगतात, तेव्हा नाव दाखवून विचारा. मधुमेहात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ३ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी पोटी त्यांनी साखर नीट दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

उपास: तळलेलं किंवा मांसाहारी ८ तास, हलकं जेवण ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्याला ६ तास लागतात. सकाळी सहाला घेतलेल्या अर्ध्या कप चहामुळे नऊची शस्त्रक्रिया दुपारवर जाते. जागेवरची भूल ठरली असली तरी उपास तसाच पाळा, कारण मध्ये पूर्ण भूल लागू शकते.

ताजी सर्दी, ताप, पिवळा कफ असेल तर फोन करून सांगा. ठरवून केलेली शस्त्रक्रिया दोन ते चार आठवडे पुढे गेल्याने काही बिघडत नाही. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तरी तसंच.

सहावी पायरी: नंतरचे चोवीस तास

जागेवरच्या भुलीनंतर घसा बधिर असेपर्यंत, साधारण दोन तास, गरम चहा किंवा जेवण नको. चटका बसलेला कळत नाही आणि घास चुकीच्या वाटेला जाऊ शकतो. आधी एक घोट गार पाणी पिऊन बघा. गुंगी किंवा पूर्ण भूल घेतली असेल तर २४ तास गाडी चालवणं, गॅससमोर एकट्याने उभं राहणं आणि कागदपत्रांवर सह्या करणं टाळा. रात्री घरात जागं होणारं माणूस हवं. गिळलेल्या रक्ताने पहिली उलटी काळपट येऊ शकते. एकदा आली तर घाबरू नका.

डोक्याखाली दोन-तीन उशा, शिंक आली तर तोंड उघडून. नाक शिंकरायचं नाही. पॅक असतील तर ते बहुधा २४ ते ४८ तासांत काढतात. तोवर आवंढा गिळताना कानात दडा बसल्यासारखं वाटेल.

ताजं लाल रक्त सतत घशात उतरतंय आणि दर मिनिटाला गिळावं लागतंय, डोळा सुजून पुढे आलाय किंवा दिसायला कमी झालंय, नाकातून पाण्यासारखा पातळ द्राव टपटपतोय, अंग भाजतंय किंवा श्वास घ्यायला जोर लागतोय, तर सकाळची वाट बघू नका. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर सुट्टीच्या कागदावर शोधत बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून तो घरी निघण्यापूर्वीच सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्ये टाकून एकदा लावून बघा.